कोठीतली माती

घर भाड्याने देताना लोक नोकरीचं विचारतात, मांसाहाराचं विचारतात, पाहुण्यारावळ्यांचं विचारतात. बालाघाटच्या आमच्या घरमालकीणबाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "सामान आणशीन तवा तुया घरची मूठभर माती घेऊन ये."

मी नागपूरची, फ्लॅटमध्ये वाढलेली. कॉलेजात वाणिज्य शिकवायला इकडे आले होते. मातीबद्दल माझं ज्ञान एवढंच, की ती चपलेला लागते, फरशीवर उमटते आणि मग आपल्याला पुसत बसावं लागतं. पण वरच्या खोल्या हवेशीर होत्या, म्हणून सामानाबरोबर बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीतली मूठभर माती पिशवीत बांधून आणली. बाईंनी ती तळहातावर घेतली, हुंगली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"हे नर्सरीतली हाय. नारळाचा भुसा हाय याच्यात. तुमच्या घरी माती नाई काय?"

"नाही," मी म्हटलं, आणि उगाचच ओशाळले.

"असू दे. राह्य तू."

बाई सरकारी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. अंगाने किरकोळ, सुती पातळ जरा वरच खोचलेलं, नखांत कायम माती. समोर सगळे त्यांना ड्रॉइंगच्या बाई म्हणायचे, पाठीमागे मिट्टीवाली मैडम. हे त्यांना ठाऊक होतं आणि दुसरं नाव त्यांना जास्त आवडायचं.

त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर चिनी मातीच्या बरण्या ओळीने असत आणि एकीतही लोणचं नसे. लामत्याची काळी, वारासिवनीकडची पिवळट, हट्ट्याच्या बावडीजवळची तपकिरी, खाणीकडची शिशासारखी चमकणारी, अशी सगळीकडची माती चाळून, वाळवून भरून ठेवलेली. लोणचं होतं पोस्टर कलरच्या बाटल्यांत. मी नवी होते. एकदा बाई अंगणात असताना मी भाकरीबरोबर घ्यायला म्हणून एका उघड्या बरणीतून जवसाची चटणी समजून वाढून घेतलं. पहिल्याच घासाला दातांखाली करकरलं. तेवढ्यात बाई आत आल्या. माझं तोंड पाहिलं, बरणी पाहिली. दुसरं कोणी हसलं असतं, निदान पाणी तरी दिलं असतं. बाईंनी पाट ओढला, समोर बसल्या आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "कशी लागली?"

"तुरट," मी थुंकत थुंकत म्हटलं.

"हौ. हट्ट्याची हाय. तिकडली तुरटच लागते." आणि माझ्यावर एकदम माया जडल्यासारखं माझ्या भाकरीवर तूप ओतलं. त्या दिवसापासून मी भाडेकरूची घरातली झाले.

या मातीनंच त्या चित्रं काढत. माती बारीक खलायची, भाताच्या पेजेत कालवायची आणि कागदावर फिरवायची. त्या घरात पेज कधी मोरीत गेली नाही. मी वर कुकर लावते आणि पेज काढत नाही, ही त्यांची माझ्याबद्दलची एकमेव कायमची तक्रार. पेजेमुळे चित्रांना उंदीर लागत. कोपरे कुरतडलेले असत. मी हौसेने पिंजरा विकत आणला, तर त्यांनी तो दुकानदाराला परत करायला लावला.

"खाऊ दे त्याले. भोपाळच्या प्रदर्शनात लोकं निस्ते पाहून निघून गेले. हा खाऊन तरी राह्यला."

पुढे त्यांचं भिंतीवरचं चित्रही सुटलं. जमिनीवर मातीचे, धानाचे, तुसाचे वाफे मांडायला लागल्या. शहरांत याला इन्स्टॉलेशन म्हणतात, असं मी ज्ञान पाजळलं. त्या म्हणाल्या, "म्हणू दे. मले तर पंखा बसवल्यासारखं वाटते." स्वतः त्या मांडणी म्हणत. चित्र सोडून हे काहून, असं विचारलं तर सांगत, "टांगलेलं चित्र माणूस मान वर करून पाह्यते. खाली मांडलं का मान झुकवा लागते. मान झुकवल्याशिवाय माती दिसन काय? अन् दिसली नाई का मंग कोणी पण इकते."

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. त्याचं कारण मला नंतर कळलं.

निवडणुकीच्या दिवसांत बाईंच्या अंगणात यायला उमेदवार कचरत. मत मागायला आलेल्याच्या हातावर त्या मातीचा खडा ठेवत आणि तो कुठला ते ओळखायला सांगत. ओळखला नाही तर चहा नाही. एकदा एक गृहस्थ हार-बीर घालून, माणसं घेऊन आले. बाईंची ख्याती ऐकून आले असावेत, कारण त्यांनी क्षणाचाही विचार न करता खडा जिभेला लावला आणि डोळे मिटून म्हणाले, "वाह मैडम, कितनी मीठी है. अपने बालाघाट की मिट्टी की बात ही अलग है."

"हौ ना," बाई म्हणाल्या. "ये सामनेवाली नाली की है. पिछली बार आप पक्की कराने वाले थे."

त्यांच्याबरोबरची माणसंच आधी हसली. गृहस्थांना मात्र त्या दिवशी चहा मिळाला, वर गूळही मिळाला. बाईंचं म्हणणं, ज्यानं चाखली त्याला उपाशी कसं पाठवायचं. नाली अजून कच्चीच आहे.

मधल्या खोलीत एक जुनी कोठी होती. खेड्यातल्या घरी धान साठवायला असते तशी, माती लिंपून केलेली, माझ्या खांद्याएवढी उंच. तिच्यात धान नव्हतं, मातीच होती. पण ती माती बाईंनी कधी चित्रात घातली नाही, मांडणीत घेतली नाही, कोणाला चाखू दिली नाही. मी एकदा झाकण उचललं, तर हात धरून बाजूला केलं.

ती त्यांच्या वडिलांच्या शेतातली होती. लामत्याकडच्या एका गावात हे शेत. भातशेतीतल्या बांध घातलेल्या तुकड्याला तिकडे बांधी म्हणतात. वडिलांच्या एका उंच बांधीत चिन्नोर पिकायचा. बारीक, वासाचा तांदूळ. एका घरी शिजला की साऱ्या आळीला कळायचं, असं बाई सांगायच्या. वडिलांच्या मागे शेती मोठा भाऊ बघायचा. त्या उंच बांधीत पाणी ठरत नव्हतं. एके वर्षी वीटभट्टीवाला आला आणि म्हणाला, वरची माती आम्ही नेतो, बांधी खोल होईल, पाणी आपोआप ठरेल. हे भट्टीवाले शेत घेत नाहीत. दुधावरची साय काढावी तशी शेतावरची माती काढून नेतात. कागदावर जमीन तेवढीच राहते.

भावाने हो म्हटलं. त्याचं पार चुकलं होतं असंही नाही. पाणी खरंच ठरायला लागलं, जाड धान भरपूर व्हायला लागलं आणि सरकारी खरेदीत जायला लागलं. फक्त तिथल्या चिन्नोराचा वास गेला.

मशीन लागल्याचं कळलं तेव्हा बाई शाळेतून परस्पर गावी गेल्या. मशीन काही थांबलं नाही. मग पदर खोचून घमेल्यांनी जेवढी माती ऑटोत मावली तेवढी भरली आणि घरी आणून कोठीत टाकली. निघताना भावाला म्हणाल्या, "ज्या घरानं बाबाची माती इकली, त्या घरचा भात मी खाणार नाई." भाऊही त्याच मातीचा. तो म्हणाला, "नको खाऊ." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. लग्नकार्यात समोरासमोर आली तरी एक मांडवाच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला.

यात अडकल्या त्या वहिनी. त्या बिचाऱ्या दरवर्षी त्याच बांधीच्या एका कोपऱ्यात थोडा चिन्नोर लावत, केवळ नणंदेसाठी. धान निघालं की कांडून पायलीभर तांदूळ गावच्या कोणाबरोबर तरी पाठवून देत. बाई तो परत करत नसत आणि खातही नसत. शिजवत, पेज चित्रासाठी काढून घेत आणि भात वर माझ्याकडे आणून देत. मग जिन्याच्या पायरीवरच उभ्या राहत.

"वास येते काय?"

"थोडा येतो."

"थोडा म्हंजे?"

"म्हणजे येतो, पण आळीभर नाही."

"तू फ्लॅटातली. तुले काय समजते," असं म्हणून त्या खाली जात आणि रेशनच्या तांदळाचा भात जेवत. त्यांच्या ताटलीचा आवाज वर यायचा तेव्हा मला तो चिन्नोर घशाखाली उतरत नसे. त्यांच्या घरचा घास मी खात होते. एकदा धीर करून म्हटलं, "बाई, एक घास खाऊन तरी बघा." त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

मग भोपाळहून ती मुलगी आली. केस बारीक कापलेली, प्रदर्शनं भरवणारी, बोलायला गोड. दिल्लीच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी अन्न आणि जमीन या विषयावर काम करणारी माणसं ती शोधत होती. उंदरांनी खाल्लेली चित्रं तिने हातात धरून पाहिली आणि बाईंना म्हणाली, "मैम, कुछ नया बनाइए. मैं फिर आऊँगी."

बाईंनी ठरवलं, आपलं गावच मांडायचं. सामुदायिक भवनाचा हॉल मिळवला. गावात जाऊन घरोघरी फिरल्या, भावाचं घर सोडून. प्रत्येक घरच्या बाईला सांगितलं, तुमच्या बांधीतली टोपलीभर माती द्या आणि कार्यक्रमाच्या दिवशी घरचा भात शिजवून डब्यात घेऊन या. बाईंच्या मनात असं, की प्रत्येक बांधीची माती तिच्या जागी, मध्ये ओल्या मातीचे लहान बांध, आणि प्रत्येक बांधीशेजारी तिचा भात. लोकांनी माती पाहायची, मग तिचा भात चाखायचा. मांडायला बरेच दिवस लागले. रोज संध्याकाळी कंबर धरून घरी यायच्या. मी बघायला गेले तेव्हा खरं सांगते, मला माती ही इतक्या रंगांची असते हे तिथे पहिल्यांदा दिसलं. मधोमध एक तुकडा रिकामा होता.

आदल्या दिवशी बाईंनी कोठी रिकामी केली.

"हीसुद्धा?" मी विचारलं.

"हौ. बायांले घेऊन दादाच ट्रॅक्टर आणणार हाय, गावात दुसऱ्याचा रिकामा नाई. तो दारातून तरी पाहीन. मले त्याच्यासंग बोलाचं नाई. त्याले हे दाखवाचं हाय, का आपल्या बाबाची माती अशी होती." त्यांनी तळापर्यंत हात घालून शेवटची मूठ काढली. "दिल्लीवाले नाई आले तरी चालन मले. त्यानं पाह्यलं पाहिजे."

तो रिकामा तुकडा त्यांनी स्वतः भरला, मला हात लावू दिला नाही. ती माती गडद होती, जरा तेलकट वाटावी अशी. भरून झाल्यावर तळहाताने सारखी केली.

सकाळी आम्ही दोघी त्या मुलीला आणायला बस स्टँडवर गेलो. बस उशिरा आली. तिला घेऊन हॉलवर पोचलो तर बाहेर नुसती ट्रॉली उभी होती, म्हणजे गाव आधीच येऊन पोचलं होतं आणि बायकांना बाहेरच उतरवून भाऊ ट्रॅक्टर घेऊन कामाला गेले होते. दारातच शेणाचा वास आला. आत मांडणी नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हॉल स्वच्छ सारवलेला होता, बोटांचे अर्धगोल एकसारखे उमटलेले, अजून ओला. कडेने तांदळाच्या पिठाची रांगोळी. बायका डबे मांडीवर घेऊन भिंतीलगत ओळीने बसल्या होत्या आणि वहिनी कोपरापर्यंत भरलेल्या हातांनी शेवटचा कोपरा पुरा करत होत्या.

आम्हाला बघून त्यांचा चेहरा फुलला. त्याही नणंदेला बाईच म्हणत.

"बाई, आल्या का? तुम्ही माती मांगितली ना घरोघरची, ते तशीच टाकून ठेवलती. म्हटलं एकट्या बाईले सारवणं जमलं नसन. मंग आम्ही सगळ्याजणी लागलो. शेण मी घरूनच आणलतं बादलीभर. शहरातलं शेण काही कामाचं नाई. आता बसवा पंगत."

त्यांचं बरोबरच होतं. घरोघरची माती मागितली आणि घरोघरचा भात मागितला, तर त्या गावच्या बाईला दुसरं काय वाटणार? माती सारवायला, भात पंगतीला. मातीसारखी माती कोणी नुसती बघायला मागवेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

ती मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "लेकिन कल आपने जो फोटो भेजी थी, वो..." मी तिचा हात दाबला.

बाईंनी चपला काढल्या. ओल्या सारवणावरून चालत मधोमध गेल्या, जिथे ती गडद माती होती तिथे, आणि उकिडव्या बसल्या. तिथे आता कशाचीच खूण नव्हती. चिमूट उचलून जिभेवर ठेवली. बाईंनी न ओळखलेली माती मी कधी पाहिली नव्हती.

"मले नाई वळखू येत," त्या हळूच म्हणाल्या. "सगळ्यायची झाली."

वहिनींचं हसू मावळलं. "काही चुकलं काय, बाई?" त्यांनी विचारलं. "मी आपलं तुमचं कार्य म्हणून..." हात पुसायलाही त्यांना सुचेना. बायका डबे धरून एकमेकींकडे बघत होत्या. मला वाटलं, आता बाई उठतील आणि कायमचं काहीतरी बोलून बसतील. भाऊ तर गेलाच होता, आता वहिनीही जाणार. मला रडू येत होतं.

बाई वहिनींच्या हातांकडे बघत होत्या. कोपरापर्यंत लागलेली ती माती, तिच्यातच कुठेतरी त्यांच्या वडिलांची. मग त्या तिथेच, मधोमध, मांडी घालून बसल्या.

"नाई चुकलं," त्या म्हणाल्या. "निस्तं वाढाचं राह्यलं. वयनी, वाढ मले."

वहिनींना कळलंच नाही आधी. कळलं तशा त्या धावत जाऊन हात धुऊन आल्या आणि कोपऱ्यात पदराखाली झाकून ठेवलेला डबा घेऊन आल्या. तो डबा त्यांच्याकडे कोणी मागितला नव्हता. पत्रावळीवर पांढरा, बारीक चिन्नोर पडला, वरून वरण. बाईंनी घास घेतला आणि सावकाश चावला. मी शेजारी जाऊन बसले होते. राहवलं नाही, विचारलं, "बाई, वास येतो?"

"शेणाचा येऊन राह्यला," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला. डोळे भरून वाहत होते. उजवा हात भाताचा, डावा मातीचा, म्हणून वहिनींनीच ते पदराने पुसले.

मग सगळी पंगत बसली. ती मुलगीही बसली, आधी अंग चोरून, मग ऐसपैस, आणि सगळ्या घरचा भात मागून मागून जेवली. पुढे दिल्लीहून तिचा फोन आला, की हे सगळं तिथे जसंच्या तसं करता येईल का. बाईंनी सांगितलं, "येईल ना. पण वयनी अन् तिची शेणाची बादली, दोन्ही रेल्वेनं न्या लागतीन." तिकडच्या हॉलमध्ये शेण चालत नव्हतं, त्यामुळे ते बोलणं तिथेच राहिलं आणि बाईंनी पुन्हा कधी त्याची आठवण काढली नाही.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलंच. पंगत अर्धी झाली असेल. बोलता बोलता बायका गप्प झाल्या म्हणून मी वळून पाहिलं. दारात बाईंचे भाऊ उभे होते. बायकांना परत न्यायला आले असतील. उंच, वाकलेले, चपला हातात. त्यांना जी माती दाखवायची होती ती तिथे दिसत नव्हती. सारवलेली जमीन होती आणि तिच्यावर बसून त्यांच्या घरचा भात जेवणारी बहीण. ते तिच्या पत्रावळीकडे बघत राहिले. आत येईनात आणि जाईनातही.

बाईंनी मान वर केली नाही. शेजारची पत्रावळ थोडी सरकवून जागा केली.

"दादा, ये," त्या म्हणाल्या. "पाय जपून टाक. खाली बाबा हाय, वलं हाय अजून."

भाऊ आले. म्हातारा माणूस तोल सांभाळत, टाचा उचलून, एक एक पाऊल टाकत आला आणि बहिणीशेजारी बसला. वहिनींनी वाढलं. दारापासून तिथपर्यंत त्यांची पावलं त्या ओल्या सारवणात स्पष्ट उमटली होती. जमिनीवर उमटलेली मातीची पावलं मला कधी खपत नाहीत, पण त्या दिवशी मी जेवण होईपर्यंत ती बघत बसले.